भुरीवर थाइम आणि लवंग तेलाचे बुरशीनाशक : वापरून केलेले परीक्षण

वनस्पतींच्या सुगंधी तेलांपासून बनवलेली बुरशीनाशके आता चांगलीच रुळली आहेत आणि त्यांच्या बाटल्यांवरची भाषाही एव्हाना ठरून गेली आहे : ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘अवशेषमुक्त’, ‘सर्व बुरशीजन्य रोगांवर प्रभावी’. यांपैकी पहिला दावा तेलापुरता बहुधा खरा असतो, दुसरा बऱ्याच अंशी खरा असतो आणि तिसरा खरा नसतो. या लेखात ज्या उत्पादनाचे परीक्षण केले आहे ते थाइम (ओव्यासारख्या वासाची एक वनस्पती) आणि लवंग या दोन तेलांचे, पाण्यात मिसळून फवारण्याचे तयार मिश्रण आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण मला आढळलेले गुण आणि उणिवा या एका बाटलीपुरत्या मर्यादित नसून कमीअधिक प्रमाणात या संपूर्ण वर्गात दिसतात. आच्छादित शेतीतील काकडीवरची भुरी (पानांवर पिठासारखा पांढरा थर आणणारा रोग) आणि स्ट्रॉबेरीवरची करडी बुरशी या दोन रोगांसाठी मी ते वापरले, आणि तुलनेसाठी काही झाडांवर नुसते पाणी, काही झाडांवर साध्या खाद्यतेलाचे पायस (तेल व पाणी यांचे दुधाळ मिश्रण) तर काही झाडांवर सुटी सुगंधी तेले घेऊन स्वतः बनवलेले मिश्रण फवारले.

निकाल आधीच सांगायचा तर, भुरीची पहिली पांढरी ठिपकी दिसताच फवारणी सुरू केली तर हे उत्पादन कामाचे आहे. रोग पानभर पसरल्यावर किंवा पानाच्या आत शिरल्यावर त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. याची कारणे तेलाच्या स्वभावातच आहेत आणि ती समजून घेतल्याशिवाय बाटली चांगली की वाईट हे ठरवता येत नाही.

निंबोळी किंवा करंजाचे तेल बियांतून पिळून निघणारे स्निग्ध तेल असते. सुगंधी तेल त्याहून मुळात वेगळे. ते पाने, फुले, साल किंवा कळ्या यांच्यातून बहुधा वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन करून काढतात. फक्त संत्रे, लिंबू अशा फळांच्या सालीतले तेल दाबूनही मिळते. सुगंधी तेल हवेत उडून जाते, आणि त्याचे सामर्थ्य व दुबळेपणा हे दोन्ही या एकाच गुणधर्मातून येतात. थाइममध्ये थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल हे मुख्य क्रियाशील घटक असतात. ओव्याच्या तेलातही थायमॉलच प्रमुख असते आणि त्याचे स्फटिक ओव्याचे फूल म्हणून ओळखले जातात. लवंगेच्या तेलात युजेनॉल साधारण ७० ते ९० टक्के असते. दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड, गवती चहात सिट्राल, रोशा गवतात जिरॅनिऑल, टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलात टर्पिनेन-४-ऑल, तर संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक डी-लिमोनीन असते. बुरशीविरुद्धच्या ताकदीत सर्वसाधारणपणे थायमॉल, कार्व्हाक्रॉल, युजेनॉल हे फिनॉल गटातले घटक आणि सिनॅमाल्डिहाइडसारखे अल्डिहाइड पुढे असतात, आणि लिमोनीनसारखी नुसती हायड्रोकार्बने मागे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत करडी बुरशी आणणाऱ्या बोट्रायटिस सिनेरियावर ४९ सुगंधी तेले लावून पाहिली होती आणि त्यांत रोशा गवत, तांबडे थाइम, दालचिनीचे पान व लवंगेची कळी यांची तेले सर्वांत प्रभावी ठरली होती. त्यामुळे या उत्पादनासाठी केलेली तेलांची निवड योग्य आहे, यात शंका नाही.

बुरशीवर या तेलांचा परिणाम होतो तो मुख्यतः तिच्या पेशीपटलावर. तेलाचे रेणू पाण्यापेक्षा चरबीत अधिक सहज विरघळत असल्यामुळे ते पेशीपटलात शिरतात, त्याची बांधणी सैल करतात आणि पेशीतले आयन व इतर द्रव्ये बाहेर झिरपू लागतात. शिवाय बुरशीच्या पेशीपटलाला आवश्यक असणारे अर्गोस्टेरॉल आणि पेशीतील ऊर्जानिर्मिती यांवरही त्यांचा आघात होतो. बीजाणू रुजत नाहीत, रुजलेच तर त्यांची अंकुरनलिका पुढे वाढत नाही. एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव पडत असल्यामुळे बुरशीला प्रतिकारक्षमता मिळवणे अवघड जाते. स्ट्रोबिल्युरिन गटातील बुरशीनाशकांची स्थिती याच्या अगदी उलट आहे : त्यांचा निशाणा सायटोक्रोम बी या एकाच प्रथिनावर असतो आणि त्या प्रथिनातील जी१४३ए हा एकच बदल अनेक रोगकारक बुरशींना त्या गटापासून जवळपास पूर्ण मोकळीक देतो. ज्या मळ्यात आंतरप्रवाही (झाडाच्या आत शोषली जाणारी) औषधे वर्षानुवर्षे आलटूनपालटून मारून त्यांची धार गेली आहे, तिथे फवारणीच्या वेळापत्रकात सुगंधी तेलाची एखादी पाळी घालण्याला खरा अर्थ आहे तो एवढ्यासाठी. माझ्या मते ‘नैसर्गिक’ या शब्दापेक्षा हा मुद्दा बाटलीवर ठळक छापण्याजोगा होता, पण तो तिथे कुठेच नाही.

आता प्रयोगशाळा आणि शेत यांतील अंतराकडे वळले पाहिजे, कारण या उत्पादनाबरोबर मिळालेल्या माहितीपत्रकात जी छायाचित्रे आहेत ती सगळी काचेच्या पेट्री डिशमधली आहेत. झाकलेल्या डिशमध्ये तेलाची वाफ कोंडून राहते, ती सतत बुरशीच्या संपर्कात असते, आणि बऱ्याच तेलांची वाफ ही त्यांच्या द्रवरूपाइतकीच किंवा त्याहूनही अधिक प्रभावी असते. पानावर मात्र बारीक थेंबांत पसरलेले तेल वाऱ्याने, उन्हाने आणि उष्णतेने काही तासांतच बहुतांश उडून जाते. प्रकाश आणि हवेतील प्राणवायू उरलेल्याचेही रासायनिक रूप बदलतात. म्हणजे औषधाचा पानावरचा मुक्काम फार थोडा, आणि त्या थोड्या वेळात जी बुरशी प्रत्यक्ष त्याच्या खाली सापडेल तेवढीच मरणार. दुसऱ्या दिवशी वाऱ्याबरोबर आलेल्या नव्या बीजाणूंना अडवायला पानावर जवळपास काहीच शिल्लक नसते. अवशेष राहत नाहीत ही जाहिरातीतली बाजू आणि संरक्षण टिकत नाही ही न सांगितलेली बाजू या दोन वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. माहितीपत्रकात दोन फवारण्यांमध्ये १४ दिवसांचे अंतर सुचवले आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे रोगाला पोषक हवामान असताना हे अंतर आठवड्याच्या आतच ठेवावे लागते.

या वर्गातल्या उत्पादनांची खरी परीक्षा होते ती मिश्रण पाण्यात टाकताना, आणि तिथे मी जास्त वेळ घालवला. तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत. त्यांना एकत्र ठेवण्यासाठी पायसीकारक लागतो, आणि बाटलीतल्या औषधाचा निम्मा दर्जा या पायसीकारकावर ठरतो. काचेच्या उभट बरणीत पाणी घेऊन त्यात तयार उत्पादन सोडले तेव्हा ते धुरासारखे पसरत खाली गेले आणि एकदा ढवळताच सगळे पाणी एकसारखे दुधाळ झाले; बराच वेळ तसेच ठेवल्यावरही वर तवंग आला नाही, तळाशी थेंब साचले नाहीत, फक्त वरच्या कडेला पांढरट रेषेइतकी साय दिसली आणि बरणी हलवताच ती पुन्हा मिसळली. हा निकाल चांगला म्हणावा असा आहे. याउलट सुटी तेले साबणाच्या पाण्यात मिसळून पाहिली तेव्हा थाइमचे तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगू लागले आणि लवंगेचे तेल पाण्यापेक्षा जड असल्याने सोनेरी मण्यांसारखे तळाशी जाऊन बसले. पाणी जड असेल तर साबणही फाटतो आणि त्याचे चिकट कण नोझलमध्ये अडकतात. तळाशी बसलेल्या लवंगेच्या तेलाकडे दुर्लक्ष करणे महागात पडते, कारण पाठीवरच्या पंपाची ओढनळी टाकीच्या तळाजवळच असते. फवारणी सुरू होताच पहिल्या काही झाडांवर जवळजवळ निखळ तेल पडते आणि शेवटच्या झाडांना नुसते पाणी मिळते. घरच्या घरी बनवलेल्या मिश्रणाने ‘काही झाडे जळाली आणि काहींवर गुणच आला नाही’ अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते, तिचे उत्तर बहुधा याच नळीत असते.

दुधाळ रंग आला म्हणजे काम झाले असेही नाही. सुगंधी तेलातले घटक पाण्यात अगदीच अविद्राव्य नसतात; थायमॉल एका लिटर पाण्यात साधारण १ ग्रॅम विरघळते. त्यामुळे लहान थेंबांतले तेल पाण्यातून प्रवास करत मोठ्या थेंबांत जमा होते आणि पायस वरून ठीक दिसत असतानाही आतून जाडसर होत जाते. थेंब जितके सूक्ष्म, तितका हा प्रकार लवकर घडतो. म्हणूनच ‘नॅनो’ असे छापलेल्या बाटलीकडे पाहताना थेंब किती सूक्ष्म आहेत यापेक्षा ते किती काळ सूक्ष्म राहतात हे विचारावे. मिश्रणात थोडे स्निग्ध तेल घालून ही वाढ रोखता येते आणि चांगले उत्पादक तसे करतातही. तयार केलेले फवारणीचे पाणी त्याच दिवशी संपवावे, रात्रभर टाकीत ठेवू नये, ही सूचना माहितीपत्रकात आहे आणि ती पाळण्याजोगी आहे.

याच प्रश्नावर काही नामांकित उत्पादनांनी शोधलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. टिमोरेक्स गोल्ड या टी ट्री तेलाच्या बुरशीनाशकात तेल पायसक्षम संहत द्रवाच्या (पाण्यात मिसळताच पायस होणाऱ्या दाट द्रवाच्या) रूपात दिलेले असते आणि केळीवरील ब्लॅक सिगाटोका या रोगाच्या नियंत्रणात ते इतर औषधांबरोबर आलटूनपालटून वापरले जाते. मेव्हालोनची वाट वेगळी आहे. त्यात संपूर्ण तेल नसून युजेनॉल, जिरॅनिऑल आणि थायमॉल हे तीन घटक मोजून घेतलेले असतात आणि ते यीस्टच्या पेशींच्या रिकाम्या कवचांत भरलेले असतात. पाण्याचा स्पर्श होताच कवचातून घटक सावकाश बाहेर येतात, म्हणजे जेव्हा पान ओले असते आणि बीजाणू रुजण्याची शक्यता सर्वाधिक असते त्याच वेळी औषधही सुटते. द्राक्षावरील करडी बुरशी हे त्याचे मुख्य लक्ष्य असून, त्यातील तीनही घटकांना युरोपीय संघाने २०१३ मध्ये मंजुरी दिली. संपूर्ण तेलाची जादू मोडून तिचे मोजमाप केले म्हणून काही सेंद्रियप्रेमी नाक मुरडतात. मला मात्र ही दिशा अधिक प्रामाणिक वाटते.

काकडीवरील वापराबद्दल आता तपशिलाने सांगता येईल. भुरीची बुरशी आपले तंतू पानाच्या पृष्ठभागावरच पसरते आणि पानाच्या सर्वांत वरच्या थरातील पेशींत फक्त शोषक अवयव खुपसते, त्यामुळे स्पर्शजन्य औषधाला ती उघड्यावर सापडते. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी पाहिले तर पिठासारखा उभा असलेला पांढरा थर दबून पानाला चिकटलेला आणि करडा झालेला दिसला. भिंगातून पाहता बीजाणूंच्या उभ्या साखळ्या मोडून पडलेल्या होत्या. नवीन पानांवर ठिपके येण्याचे प्रमाण पाणी फवारलेल्या झाडांपेक्षा स्पष्टपणे कमी राहिले. मात्र इथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे, आणि ती या प्रकारच्या बहुतेक प्रशस्तिपत्रांत नसते : साध्या खाद्यतेलाचे पायस फवारलेल्या झाडांवरही भुरी बरीच कमी झाली होती. भुरी ही कोणत्याही तेलाला, गंधकाला आणि पोटॅशियम बायकार्बोनेटलाही दबणारी बुरशी आहे. थाइम-लवंगेचा निकाल खाद्यतेलापेक्षा सरस होता, विशेषतः पानांच्या खालच्या बाजूला, जिथे फवारा नीट पोहोचत नाही पण वाफ पोहोचू शकते. तरीही तो फरक माहितीपत्रक वाचून वाटेल तेवढा मोठा नव्हता. ज्याला फक्त भुरीचा त्रास आहे त्याने हे लक्षात घेऊनच खरेदीचा निर्णय घ्यावा.

स्ट्रॉबेरीवरचा अनुभव याहून संमिश्र आहे. करडी बुरशी बहुतेकदा फुलातून शिरते, फळ हिरवे असताना आत गप्प बसून राहते आणि फळ पिकू लागले की बाहेर पडते. फळावर करडी लव दिसल्यानंतर तेल फवारले तर ती लव मरते, फळ वाचत नाही. म्हणजे फवारणी फुलोऱ्यातच करायला हवी, आणि नेमक्या फुलाच्या पाकळ्याच तेलाला सर्वांत हळव्या असतात. शिफारशीतील वरची मात्रा घेतलेल्या ओळीत पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडून सुरकुतल्या. खालची मात्रा घेतली तेव्हा पाकळ्या वाचल्या, पण रोगावरचा परिणामही त्या मानाने मवाळ झाला. रोगट फळे वेचून काढणे, झाडांत हवा खेळती ठेवणे आणि पाने रात्री ओली राहू न देणे ही कामे सोडून केवळ या बाटलीवर विसंबण्यासारखी स्थिती नाही.

पान करपण्याचा धोका हा गौण मुद्दा नव्हे. बुरशीचे पेशीपटल फोडणारे द्रव्य पानाच्या पेशीपटलाला ओळखून सोडून देत नाही. लवंगेचे तेल आणि संत्र्याच्या सालीतले लिमोनीन अधिक संहत मात्रेत तणनाशक म्हणूनही वापरले जातात, यावरून अंदाज यावा. औषध आणि चटका यांच्यामधली पट्टी अरुंद आहे. तापमान ३० अंशांच्या वर असताना, भर उन्हात, किंवा पाण्याचा ताण पडलेल्या झाडांवर ही फवारणी करू नये. संध्याकाळची वेळ सर्वांत बरी, कारण ऊन नसते, वारा पडलेला असतो आणि वाफ पानांच्या आसपास थोडी अधिक रेंगाळते. गंधकाची फवारणी अलीकडेच झालेली असेल तर तेल मारण्याआधी निदान दोन आठवडे जाऊ द्यावेत, हा सर्वच तेलांना लागू असणारा नियम इथेही पाळावा. नव्या पिकावर किंवा नव्या वाणावर आधी दोन-चार पानांवर फवारून दोन दिवस वाट पाहावी. माहितीपत्रकात हे सगळे एका ओळीत, तेही अगदी बारीक अक्षरांत उरकले आहे.

अवजारांविषयी तर त्यात अक्षरही नाही. ही तेले चांगले द्रावक असतात. पंपातील साध्या रबराचे वायसर फुगून मऊ पडतात, दट्ट्या जड चालू लागतो आणि झडपेतून गळती सुरू होते; थर्माकोलच्या पेल्यात लिमोनीनयुक्त तेल मोजायला घेतले तर पेल्यालाच भोक पडते. काच, स्टील किंवा जाड पॉलिइथिलीनची मापे वापरावीत, आणि फवारणी संपताच पंप डिटर्जंटच्या पाण्याने चालवून धुवावा. हातमोजे आणि चष्मा यांना पर्याय नाही. शुद्ध थायमॉल त्वचा भाजू शकते, सिनॅमाल्डिहाइडमुळे कायमची ॲलर्जी जडू शकते, आणि बंद हरितगृहात फवारणी करताना डोळ्यांची व घशाची आग होते ती वेगळीच. नैसर्गिक असल्यामुळे सुरक्षित, हे समीकरण बाटली उघडताच नाकाला खोटे वाटू लागते.

मधमाश्यांबाबतही असाच गैरसमज आहे. व्हॅरोआ या परजीवी कोळ्याविरुद्ध मधमाश्यांच्या पेटीत थायमॉल वापरले जाते, म्हणून ही फवारणी मधमाश्यांना निरुपद्रवी, असे विक्रेते सांगतात. पेटीतले थायमॉल ठरलेल्या मात्रेत सावकाश वाफ होत राहते. फुलावर बसलेल्या माशीच्या अंगावर पडणाऱ्या पायसाशी, त्यातल्या पायसीकारकाशी त्याची तुलना होत नाही. फुलोऱ्यात फवारणी करायचीच असेल तर माश्या परतल्यानंतर करावी. ट्रायकोडर्मासारखी उपयुक्त बुरशी वापरणाऱ्यांनीही सावध असावे, कारण मित्र बुरशी आणि शत्रू बुरशी असा भेद हे तेल करत नाही. दोन्ही एकाच टाकीत मिसळणे म्हणजे एकावर दुसरे वाया घालवणे होय.

‘सर्व बुरशीजन्य रोगांवर’ या दाव्याचा समाचार घेणे आवश्यक आहे. केवडा (डाउनी मिल्ड्यू हा रोग) आणि बटाटा-टोमॅटोवरचा उशिरा येणारा करपा यांचे रोगकारक खऱ्या बुरशींत मोडत नाहीत. ते ऊमायसीट या वेगळ्या गटातले आहेत आणि पानाच्या आत वाढतात. पानाच्या खालच्या बाजूने बाहेर डोकावणारे त्यांचे बीजाणुधर तेलाने मरतात, पण आतले जाळे तसेच राहते, आणि पुढच्या दमट रात्री पुन्हा बहर येतो. मर रोगासारखे जमिनीतून येणारे रोग तर आणखी दूरचे : मातीत तेल कणांना चिकटते, जिवाणू त्याचे विघटन करतात, आणि मुळाशी नेमकी किती मात्रा पोहोचली हे कोणालाच सांगता येत नाही. या रोगांची चित्रे बाटलीवर छापणे मला गैर वाटते.

याउलट ज्या ठिकाणी या तेलांचा सर्वांत चांगला उपयोग होतो त्याचा उल्लेख या उत्पादनावर नाही, आणि ते ठिकाण म्हणजे काढणीनंतरची बंद साठवण. शेतात जी बाष्पनशीलता नडते तीच बंद खोलीत उपयोगी पडते, कारण वाफ फळांच्या फटीफटींतून पोहोचते आणि बाहेर जायला तिला वाट नसते. सफरचंद आणि नासपतीच्या साठवणुकीतील कुजव्या रोगांसाठी बायोक्झेडा हे लवंग तेलाचे उत्पादन आहे. शहाजिऱ्याच्या तेलातले कार्व्होन साठवलेल्या बटाट्याचे कोंब रोखण्यासाठी वापरले गेले आहे आणि साठवणीतल्या काही बुरशींनाही ते दाबते. अडचण एकच, वासाची. मात्रा थोडी वाढली तरी फळाला थाइमचा किंवा लवंगेचा वास धरतो आणि नाजूक सालीच्या फळांतून तो सहजासहजी जात नाही. माझ्या काकडीला काढणीच्या आदल्या दिवशी केलेल्या फवारणीचा मंद वास दुसऱ्या दिवशीही होता. धुतल्यावर तो गेला, पण स्ट्रॉबेरी धुऊन साठवता येत नाही.

सर्वांत मोठी तक्रार उरते ती लेबलाची. ‘थाइम तेल’ एवढे लिहिल्याने काहीच कळत नाही, कारण एकाच जातीच्या थाइमचे थायमॉलप्रधान, कार्व्हाक्रॉलप्रधान, लिनॅलूलप्रधान असे निरनिराळे रासायनिक प्रकार असतात आणि लिनॅलूलप्रधान थाइमचे तेल सुवासाला उत्तम पण बुरशीला मवाळ असते. वाण, हवामान, तोडणीची वेळ आणि ऊर्ध्वपातनाची पद्धत यांनुसारही घटकांचे प्रमाण बदलते. टी ट्री तेलासाठी आयएसओ ४७३० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात टर्पिनेन-४-ऑलचे किमान प्रमाण ठरवून दिलेले आहे. निदान तशा धर्तीवर थायमॉल व युजेनॉल यांची टक्केवारी आणि त्या खेपेचा वायुवर्णलेखन (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या) चाचणीचा अहवाल मागणाऱ्याला मिळायला हवा. मी मागितला तेव्हा उत्तरादाखल पुन्हा तेच माहितीपत्रक मिळाले. तयार उत्पादनाची पहिली बाटली आणि नंतर घेतलेली बाटली यांच्या वासात फरक जाणवत होता, दुसरीत लवंग वरचढ होती, आणि चटका बसण्याचे प्रमाणही तिच्यातच अधिक दिसले. नोंदणीच्या सवलतींमुळे ही ढिलाई वाढते, असे माझे मत आहे. अमेरिकेत थाइम, लवंग, दालचिनी, गवती चहा अशा काही तेलांना १९९६ पासून किमान धोक्याची कीडनाशके म्हणून केंद्रीय नोंदणीतून सूट आहे. ही सूट धोका कमी असल्याबद्दलची आहे, पण ती मिळालेली उत्पादने बाजारात अशा थाटात वावरतात की जणू त्यांच्या परिणामकारकतेवर शिक्कामोर्तब झाले आहे.

इतके असूनही मी हे उत्पादन पुन्हा घेईन का, तर ज्या पिकावर भुरी दरवर्षी ठरलेल्या वेळी येते, जिथे काढणी रोजच्या रोज चालते आणि त्यामुळे फवारणीनंतर बरेच दिवस थांबण्याची अट असलेली औषधे वापरता येत नाहीत, तिथे नक्की घेईन. तेही एकटे नव्हे, गंधक किंवा बायकार्बोनेट यांच्या फवारण्यांमध्ये योग्य अंतर राखून. घटकांची टक्केवारी छापलेले दुसरे उत्पादन उपलब्ध असेल तर मात्र ते आधी घेईन. केवडा, उशिरा येणारा करपा आणि मर यांच्यासाठी घेणार नाही. स्वतः तेले मिसळून फवारण्याच्या फंदात पडणाऱ्यांना माझा सल्ला असा की चांगला अनायनी (विद्युतभार नसलेला) पायसीकारक आणि अचूक वजनकाटा हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

बाटली जपण्याविषयीही थोडे. ती गडद काचेची असावी, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावी, पण फार थंडही नको, कारण थायमॉल ५० अंशांच्या आसपास वितळणारे असल्याने थंडीत त्याचे स्फटिक तळाशी बसू शकतात; तसे झाले तर बाटली कोमट पाण्यात धरून स्फटिक पूर्ण विरघळल्यावरच मात्रा मोजावी, नाहीतर वरचा द्रव फिका आणि तळचा जहाल निघतो. बाटली एकदा उघडली की रिकाम्या जागेत हवा शिरते, तेलाचे घटक प्राणवायूशी संयोग पावू लागतात आणि तयार होणारी काही द्रव्ये मूळ तेलापेक्षा त्वचेला अधिक त्रासदायक असतात. अर्धी उरलेली बाटली पुढच्या हंगामासाठी ठेवण्यापेक्षा लागेल तेवढीच लहान बाटली घेणे शहाणपणाचे ठरले असते, पण हे उत्पादन फक्त लिटरच्या बाटलीतच येते.